तंबोऱ्यामागचा चेहरा

आज आपल्याला एक माहितीपट करायचा आहे. कॅमेरा नको, निर्माता नको, पैसेही नकोत. बसल्या जागी मनात करायचा. विषय शास्त्रीय संगीत. एखादा गाणारा, वाजवणारा किंवा रचना बांधणारा, तुमच्या मनात असेल तो. घाई करू नका. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये जुलैची सकाळ असेल, तर घाई करून फायदाही नाही. वायकाटो नदीवर धुकं बसलेलं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही, पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तेवढा येतो. ज्याला संगीतावर चित्रपट करायचा आहे, त्यानं थोडा वेळ असं न दिसण्यात काढलेलं बरं. डोळे काही काळ बेकार राहू द्या.

आता मनात एक खोली घ्या. इथल्या कुठल्याही घरातली बैठकीची खोली चालेल. एका भिंतीला सोफा, खाली गालिचा, त्यावर मिरजेहून आलेला तंबोरा गवसणीतून नुकताच बाहेर काढलेला. पहिलं काम म्हणजे हीट पंप बंद करा. त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते हे एक कारण. दुसरं असं की गरम हवेत तारा उतरतात आणि गाणारीचा अर्धा जीव सूर लावण्यातच जातो. फ्रीजचं बटणही बंद करा, फक्त जाताना सुरू करायला विसरू नका. खोली गार होऊ द्या. पाच-दहा मिनिटं तंबोऱ्यालाही त्या हवेत बसू द्या.

मग सूर लावणं बघा. आधी खुंटी पिळली जाते, तेव्हा तार कुरकुरते. जोडीच्या तारा जवळजवळ जुळल्या की खुंटीचं काम संपतं आणि मण्याचं सुरू होतं. भोपळ्यावरचा तो छोटा मणी केसभर वर, केसभर खाली. शेवटी घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा बोटाच्या टोकानं किंचित सरकवला जातो. एक जागा अशी येते की आतापर्यंत 'टण' वाजणारी तार एकदम उघडते आणि तिच्यातून दुसरे सूर झिरपायला लागतात. हे सगळं व्हायला किती वेळ लागेल सांगता येत नाही. बहुतेक माहितीपटांत या भागाला चार-पाच सेकंद मिळतात: खुंटीवरची बोटं, अंगठी चमकते, कट. तुम्ही तसं करू नका. मनातल्या मनात तरी पूर्ण वेळ द्या. निर्माता नाही म्हटलं ना.

सूर लागला. आता कॅमेरा कुठे ठेवाल?

हात आपोआप गायिकेच्या चेहऱ्याकडे जाईल. मिटलेले डोळे, हवेत सूर धरणारा हात, तान घेताना ताणलेली मान. ते घ्याच, ते घेतलं नाही तर लोक विचारतील. आणि मग सवयीनं पुढचं दृश्य सुचेल: मारवा आहे तर सूर्यास्त, मल्हार आहे तर पाऊस, भैरव आहे तर नदीचा घाट. माझं स्पष्ट मत आहे की आलापावर सूर्यास्त लावणाऱ्याचा कॅमेरा महिनाभर जप्त करावा. रागात जे आहे तेच पुन्हा चित्रात दाखवलं, तर ऐकणाऱ्याच्या डोक्याला काम उरत नाही. शिवाय इथे हॅमिल्टनमध्ये ते जमणारही नाही. जुलैत इथेही पाऊस असतो, पण तो थंडीतला, हाडात शिरणारा. वसंत येतो सप्टेंबरात, तेव्हा महाराष्ट्रात गणपती असतात. हॅमिल्टनच्या जुलैत मियाँमल्हार गाणारीच्या मनात कुठला पाऊस असतो, हे खिडकीबाहेर कॅमेरा वळवून कळायचं नाही. तो प्रश्न तसाच राहू द्या, उत्तर शोधू नका. पुढे जाऊ.

वेळेचा विचार करा, म्हणजे अगदी घड्याळातल्या वेळेचा. सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात चारशे फुटांचं रीळ बसायचं. सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगानं ते सुमारे 11 मिनिटं चालतं. 11 मिनिटांत विलंबित ख्यालाची बढत कुठवर जाते? गायक अजून मंद्रातून वर येत असतो. रीळ संपलं की कॅमेरामन बदलायला बसणार, आणि नेमक्या त्याच वेळी तो गंधार लागणार. त्याआधीच्या ध्वनिमुद्रिकांनी तर तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपायला लावला होता. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी तेवढीच आहे, आणि तीच 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. यानं ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई त्याच सप्टेंबरात वारल्या. जी बाई तास-दीड तास एक राग उलगडायची, तिची ताऱ्यांकडे निघालेली खूण साडेतीन मिनिटांची.

कॅमेऱ्याचा आणखी एक अडथळा होता, तो आता कुणाला आठवतही नाही: त्याचा स्वतःचा आवाज. रीळ फिरताना कॅमेरा खडखडायचा. संगीताच्या खोलीत असं यंत्र नेणं म्हणजे मैफलीत शिवणयंत्र चालवण्यासारखं. 1960च्या दशकात कमी आवाजाचे, खांद्यावर घेता येणारे कॅमेरे आले आणि ख्रिस्तोफर नूपेनसारख्या दिग्दर्शकांना वादकांच्या अगदी जवळ जाता आलं. त्यांचा 1969च्या लंडनमधल्या मैफलीवरचा 'द ट्राउट' बघा. शूबर्टची रचना, पियानोवर बॅरनबॉइम, चेलोवर जॅकलिन द्यू प्रे, पर्लमन, झुकरमन, आणि डबल बासवर कोण, तर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता! हातात छडी घेऊन शंभर वादकांना हलवणारा माणूस इथे मागे उभा राहून बास वाजवतो. त्यातला मला आवडणारा भाग म्हणजे ही मंडळी एकमेकांकडे कशी बघतात तो. कुणी काही बोलत नाही. एकाची भुवई उंचावते, दुसऱ्याचा गज त्याच क्षणी तारेवर येतो. ऐकणं चेहऱ्यावर दिसतं, एवढंच त्या शांत कॅमेऱ्यानं पकडलं, आणि ते पुष्कळ आहे.

ही गोष्ट हाताशी ठेवा, लगेच लागणार आहे. त्याआधी जरा अवघड जागी जाऊ.

समजा ज्यांच्यावर चित्रपट करायचा ते गेले, आणि मागे आवाज ठेवला नाही. अल्लादिया खाँसाहेब 1946 साली गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातले गवई. एका काळात आवाज गेला, तो परत उभा करताना त्यांनी गायकीच नवी घडवली, असं सांगतात. जयपूर घराण्याचा सगळा डोलारा त्यांच्यावर. आणि ऐकायला ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. पुण्याचा भारत गायन समाज त्यांनी 1911 साली उभा केला, 'स्वयंवर'च्या चाली त्यांच्या, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य. त्यांचाही आवाज नाही. छायाचित्रं आहेत: पगडी, मिशा, समोर रोखलेली नजर. छायाचित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकवायचा आणि खाली निवेदकाचा घोगरा आवाज, ही युक्ती फिल्म्स डिव्हिजनच्या काळापासून चालत आली आहे. (सिनेमाआधी ते माहितीपट दाखवत आणि लोक तेवढा वेळ बाहेर समोसे खात, हे आपण मान्य करून टाकू.)

केन रसेलनं 1962 साली बीबीसीसाठी इंग्रज संगीतकार एल्गरवर चित्रपट केला, तेव्हा त्याला नट वापरायची परवानगी मिळाली, पण त्यांना संवाद द्यायचे नाहीत या अटीवर. त्यानं एक पोरगा पांढऱ्या घोड्यावर बसवून माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून दौडवला आणि वर एल्गरचं संगीत ठेवलं. अटच त्याच्या पथ्यावर पडली. पण रसेलकडे स्वरलिपी होती, वाद्यवृंद होता. कागदावरून संगीत पुन्हा उभं करता येत होतं. खाँसाहेबांचं काय करायचं? त्यांचं गाणं कागदावर नाही.

इथे थांबा. श्वास घ्या. या प्रश्नावर थोडं बसून राहा. कारण ज्या गावात आपण मनानं बसलो आहोत, त्या गावात हाच प्रश्न एका माणसानं आयुष्याचं काम म्हणून घेतला होता.

हिरिनी मेलबर्न वायकाटो विद्यापीठात शिकवायचे. माओरी भाषेत त्यांनी पाखरांवर, किड्यांवर गाणी केली. इथल्या शाळांतून पोरं ती म्हणत. माओरींची जुनी वाद्यं तेव्हा बहुतेक संग्रहालयांच्या काचेआड होती. वाजवणारे जवळजवळ उरले नव्हते. वाद्य समोर आहे, त्याची लांबी-रुंदी मोजता येते, नक्षीचे फोटो काढता येतात, पण ते कसं फुंकायचं, कुठे ओठ लावायचे, त्यातून निघणारा कोणता आवाज बरोबर आणि कोणता चुकीचा, हे विचारायचं कुणाला? मेलबर्न आणि त्यांचे सोबती रिचर्ड नन्स म्हाताऱ्या माणसांकडे गेले. कुणाला आजीनं अंगाईबरोबर वाजवलेलं आठवत होतं, कुणाला एखादी गोष्ट, कुणाला नुसतं नाव. नेल्सनचे कोरीवकाम करणारे ब्रायन फ्लिंटॉफ हाडाची, लाकडाची नवी वाद्यं घडवत गेले. वाजवून बघायचं, जाणत्यांना ऐकवायचं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. 1994 साली मेलबर्न आणि नन्स यांचा 'ते कू ते फे' हा संच निघाला. 2003च्या जानेवारीत मेलबर्न गेले, पन्नाशी जेमतेम ओलांडलेले.

त्यातलं एक वाद्य जवळून बघू. पुतोरिनो. वीतभरापासून हातभर लांबीचं, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. लाकूड उभं चिरून दोन्ही फाका आतून कोरायच्या, मग पुन्हा एकमेकींवर ठेवून धाग्यानं आवळून बांधायच्या. फुगीर भागावर एक छिद्र असतं, बहुधा तोंडाच्या आकाराचं कोरलेलं. टोकाकडून तुतारीसारखं फुंकलं तर पुरुषी आवाज निघतो. बासरीसारखं फुंकलं तर बाईचा. तो आवाज हिने राउकातौरीचा मानतात. ती बासरीची देवता, आणि तिचं रूप म्हणजे झाडाला लोंबणाऱ्या कोशात राहणारा एक पतंग. या जातीतली मादी कोश सोडून कधी बाहेर पडत नाही. आतूनच जोडीदाराला बोलावते. वाद्याचा आकार त्या कोशाचा. 1941 साली याच हॅमिल्टनमध्ये जन्मलेल्या संगीतकार गिलियन व्हाइटहेड यांनी पाश्चात्त्य बासरी आणि ही माओरी वाद्यं एकत्र आणून एक रचना केली, तिचं नावच 'हिनेराउकातौरी'.

यावर चित्रपटही आहे. पॉल वुल्फ्रम यांनी 2014 साली 'व्हॉइसेस ऑफ द लँड' हा माहितीपट केला. नन्स तोवर थकले होते, कंपवातानं हात साथ देईनासे झाले होते. त्यांच्याबरोबर पडद्यावर होरोमोना होरो आहेत, त्यांच्या हाताखाली तयार झालेले. वाद्यं घेऊन ते कडेकपारीत, पाण्याकाठी जातात आणि तिथे वाजवतात. नन्स फुंकतात तेव्हा तुम्ही नन्सकडे बघता. दोनदा-तीनदा बघितल्यावर माझी नजर मात्र होरोंकडे जाऊ लागली. म्हाताऱ्याचा श्वास कुठे कमी पडतो, कुठे तो मुद्दाम सोडून देतो, हे ते टिपत असतात. ती विद्या एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दिसते.

आता आपल्या गार खोलीत परत या आणि कॅमेरा हलवा. गायिकेवरून काढा, मागे न्या. तिथे तंबोऱ्यावर शिष्या बसली आहे. आतापर्यंत ती फ्रेमच्या कडेला अर्धवट, धूसर, केवळ शोभेपुरती होती. तिच्यावर स्थिर करा आणि गाणं चालू राहू द्या.

बघत राहा. चारी तारा एकसारख्या छेडायच्या, लय तबल्याची घ्यायची नाही, बाईंच्या सुरात सूर मिसळायचा पण पुढे यायचं नाही. मध्येच बाई मागे न बघता हाताची किंचित खूण करतात, तेव्हा धरायचं. नवी जागा आली की हिच्या मानेला झटका बसतो. बाई अवघड तान घेऊन समेकडे निघतात, तेव्हा हिचा श्वास रोखलेला असतो. सम आली की खांदे उतरतात. एखादी तान हिच्या ओळखीची नसते, कालच्या तालमीत ती नव्हती. तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो. गाणं आता दोन ठिकाणी चाललं आहे, आणि पुढच्या चाळीस वर्षांची बातमी मागच्या चेहऱ्यावर आहे.

मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे त्यांच्या कन्या किशोरीताई अशाच बसत. मोगूबाई अस्ताई-अंतरा दोनदाच गायच्या, तिसऱ्यांदा नाही, हे किशोरीताईंनी सांगून ठेवलं आहे. त्या दोन वेळांत जे उचललं ते आपलं. अशी तालीम कुणी चित्रित केली असती तर? किशोरीताईंवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी 2011 साली 'भिन्न षड्ज' केला, तो मोलाचा आहे. पण त्यात दिसतात त्या तयार, मोठ्या झालेल्या, स्वतःच्या मतांवर ठाम किशोरीताई. तंबोऱ्यावरच्या मुलीचा चेहरा आता मिळणार नाही. त्याच्याही मागे जा: मोगूबाई तरुण असताना सांगलीत रियाज करत, आणि तेव्हा तिथे आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी जाता-येता तो आवाज ऐकला, म्हणून त्यांची तालीम सुरू झाली. एका घराण्याची एवढी मोठी फांदी रस्त्यावर थबकलेल्या एका माणसामुळे फुटली. हे चित्रित करायचं तर रस्ता, खिडकी आणि आतून येणारा रियाज एवढं पुरे. नटाला पगडी घालू नका. मोगूबाईंचं गाव, गोव्यातलं कुर्डी, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती, पायऱ्या, देऊळ वर येतं आणि विखुरलेले गावकरी तिथे जमतात. त्यावर सौम्यानंद साही यांनी माहितीपट केला आहे. गाण्यावरचा नसूनही मला तो गाण्याच्या माहितीपटांत ठेवावासा वाटतो.

खाँसाहेबांचं काय करायचं, याचं उत्तर आता हळूहळू दिसू लागलं असेल. त्यांचे सुपुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. मन्सूरांवर 'रसयात्रा' हा चित्रपट आहे. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई आहेत, मोगूबाई आहेत, त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. एकच राग या तिघांचा ऐकला की तिघांत समान असं काहीतरी राहतं, जे तिघांपैकी कुणा एकाचं नाही. खाँसाहेबांवरच्या चित्रपटात त्यांचं छायाचित्र एकदाच दाखवा, सुरुवातीला. नंतर फक्त शिष्य आणि शिष्यांचे शिष्य, गाताना नव्हे, शिकताना.

कुमार गंधर्वांचा विचार मनात आला असेल तर तो चुकीचा नाही. क्षयानं देवासला अंथरुणावर पडले, गाणं बंद. त्या वर्षांत बाहेर बायका गात ती माळव्यातली गीतं त्यांनी ऐकली आणि पुढचे कुमार त्यातून आले. त्या वर्षांत कॅमेरा लावला असता तर पडून राहिलेला एक तरुण दिसला असता, बस. संकलकानं पहिल्याच दिवशी ते कापलं असतं.

आता हॅमिल्टनच्या त्या खोलीत संध्याकाळ करा. सहा वाजलेत, बाहेर केव्हाच अंधारलं आहे. दहा-बारा वर्षांची मुलगी लॅपटॉपसमोर बसली आहे. पुण्यात साडेअकरा वाजलेत, तिच्या बाईंच्या मागे ऊन आहे, कुठेतरी कुकरची शिट्टी होते. तंबोरा फोनमधला. शिकवणी भूपाची. बाई गातात, मग थांबतात, मग ही गाते. दोघींना एकत्र गाता येत नाही. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो आणि सगळं घसरतं. म्हणून एकीनं गायचं, दुसरीनं माइक बंद करून ऐकायचं. जुन्या तालमीत गुरूच्या आवाजाला आवाज लावून चालता यायचं, ते इथे गेलं. काय आलं, याचा निकाल इतक्यात लावू नका, बघा. मुलगी कानावरचा हेडफोन एका हातानं दाबून धरते. पडद्यावर बाईंचे ओठ आणि आवाज थोडे मागेपुढे आहेत, म्हणून ती बघणं सोडते आणि डोळे मिटते. बाई म्हणतात, "परत, बाळा. धैवतावर उभी राहा." मुलगी राहत नाही, घसरते. बाई पुन्हा गाऊन दाखवतात. मोगूबाई इतक्या उदार नव्हत्या. चौथ्यांदा आईची गाडी दारात येते, दिव्याचा झोत भिंतीवरून फिरतो, मुलीचं लक्ष जातं, आणि नेमका तेव्हा धैवत बरोबर लागतो. तिला ते कळत नाही. तिकडे बाईंना कळतं. त्या काहीच बोलत नाहीत, नुसत्या थोड्या पुढे सरकतात.

तुमचा कॅमेरा कुठे होता? मुलीवर असेल तर बाईंचं पुढे सरकणं लॅपटॉपच्या छोट्या चौकटीत, अंधूक मिळालं असेल. अंधूकच असू द्या, मोठं करू नका.

असं चित्रण पुष्कळ साठेल. चित्रपट होईल 52 मिनिटांचा, कारण दूरचित्रवाणीला तेवढा लागतो. उरलेलं डिस्कवर पडून राहील आणि जागा हवी म्हणून कुणीतरी पुसायला निघेल. पुसू देऊ नका. धैवत घसरलेले पहिले तीन प्रयत्न, तंबोरा लावण्याची न कापलेली मिनिटं, बाईंच्या मागची कुकरची शिट्टी, सगळं ठेवा. त्याची एक प्रत वेलिंग्टनच्या ध्वनिचित्र संग्रहात देता येते का विचारा, एक पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. मेलबर्न आणि नन्स यांना पुतोरिनो शिकणाऱ्या एखाद्या पोराचं असं तासभर चित्रण मिळालं असतं, तर त्यांची काही वर्षं वाचली असती. आणि प्रत्येक फाइलला नाव द्या. 'फायनल-2-नवीन' असलं नको. राग, तारीख, गाव, कोण शिकवत होतं, कोण शिकत होतं, तंबोरा कुठल्या पट्टीत होता, हे लिहा. तबला असेल तर तबलजीचं नावही लिहा. ते नेहमी राहून जातं.